महामंदीतील सरकारी लेखक आणि सव्हाना नदीकाठच्या प्लँटेशनांचा इतिहास

नदीकाठ (मूळ लेख)

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील जवळजवळ दर चार कामकऱ्यांपैकी एकाच्या हातचे काम गेले. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी रस्ते, पूल आणि शाळा बांधून घेतल्या, हे सर्वज्ञात आहे. त्याच योजनेखाली सरकारने लेखकांनाही पगारावर ठेवले होते, आणि त्या लेखकांपैकी काही जणांनी जॉर्जिया राज्यातील सव्हाना नदीकाठच्या प्लँटेशनांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मोठ्या मळ्यांचा, इतिहास लिहून काढला. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे.

फेडरल रायटर्स प्रोजेक्ट हा विभाग जुलै १९३५ मध्ये सुरू झाला आणि हेन्री अल्सबर्ग त्याचे संचालक झाले. भरभराटीच्या काळात तेथे सहा हजारांहून अधिक माणसे कामाला होती. बहुतेकांना सरकारी मदतयादीतून घ्यावे, असा नियम असल्यामुळे त्यांत नावाजलेले लेखक थोडे आणि नोकरी गेलेले शिक्षक, वार्ताहर, ग्रंथपाल, कारकून व वकील फार होते. प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका तयार करणे हे मुख्य काम होते. तथापि स्थानिक शाखांना आपापल्या भागातील विषय घेण्याची मोकळीक मिळाली, आणि मेरी ग्रेंजर यांच्या देखरेखीखालील सव्हाना शाखेने नदीकाठची एकेक प्लँटेशन घेऊन तिचा मूळ जमीन अनुदानापासूनचा इतिहास लिहायला घेतला. हे लेख १९३८ पासून जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीच्या त्रैमासिकात येऊ लागले आणि १९४७ मध्ये ‘सव्हाना रिव्हर प्लँटेशन्स’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. तोपर्यंत मूळ योजना बंद होऊन चार वर्षे लोटली होती.

यातील मलबेरी ग्रोव्हचे उदाहरण घेऊ. जॉर्जिया वसाहत १७३३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तेथे रेशीम पिकवायचे असा वसाहत चालवणाऱ्या विश्वस्तांचा बेत होता. तुतीची (इंग्रजीत मलबेरी) झाडे लावली गेली, त्यावरून या जागेला नाव पडले. आरंभीच्या कायद्याने वसाहतीत गुलाम ठेवण्यास बंदी होती. ती १७५१ मध्ये उठली आणि त्यानंतर नदीकाठ भातशेतीखाली गेला. स्वातंत्र्ययुद्धात ही जागा इंग्रजांच्या बाजूच्या जॉन ग्रॅहम यांच्याकडून जप्त झाली आणि जनरल नथानिएल ग्रीन यांना बक्षीस म्हणून देण्यात आली. ग्रीन १७८६ मध्ये वारले. १७९१ मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन त्यांच्या विधवा पत्नीच्या भेटीला तेथे आले, आणि १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी वेगळी करणारे यंत्र याच घरी राहून तयार केले. त्या यंत्रामुळे दक्षिणेत कापूस पसरला आणि कापसाबरोबर गुलामगिरीही पसरली. १८६४ च्या अखेरीस, यादवी युद्धात, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने ते घर जाळले.

एवढा इतिहास मालकांच्या नावांनी सांगता येतो, आणि सव्हाना शाखेनेही तो बहुतांशी तसाच सांगितला. खरेदीखते, मृत्युपत्रे, मोजणीचे नकाशे, कराच्या वह्या आणि जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती धुंडाळून त्यांनी प्रत्येक जागेची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली ते लावून दिले. ज्यांनी बांध घातले, भात पेरले आणि कापले ती माणसे या लेखांत संख्येने येतात, किमतीने येतात, क्वचित पहिल्या नावाने येतात. आणि याच योजनेच्या याच शाखेतील माणसे त्याच वर्षांत किनाऱ्यावरील कृष्णवर्णीय वस्त्यांत फिरून वृद्धांच्या आठवणीही लिहून घेत होती.

माझे म्हणणे असे की, हे दोन कागद एकाच कचेरीतून निघाले असल्यामुळे ते एकत्रच वाचले पाहिजेत. मालकांचा इतिहास जमिनीचा क्रम देतो आणि आठवणी त्या जमिनीवर काय घडत होते ते सांगतात. यांपैकी केवळ एक वाचणाऱ्याच्या हाती चुकीचे चित्र येते. जाणकारांनी आपले मत मांडावे.

दप्तरदार

उत्तम विषय. माझे अर्धे आयुष्य जुनी कागदपत्रे लावण्यात गेले असल्यामुळे एका बाबीकडे लक्ष वेधतो. अशा इतिहासाचा कणा म्हणजे मालक वारल्यावर न्यायालयात सादर होणारी जंगम मालमत्तेची यादी. त्या याद्यांत नांगर, बैल, होड्या, तांदळाची पिंपे आणि माणसे एकाच रकान्यात, एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि समोर डॉलरमध्ये किंमत असते. धडधाकट तरुणाची किंमत अधिक. सुतार, लोहार, बांधांचे आणि त्यांतल्या पाण्याच्या दारांचे काम जाणणारा यांची त्याहूनही अधिक. म्हाताऱ्या बाईसमोर शून्य. कधीकधी आई आणि तान्हे मूल मिळून एकच आकडा असतो.

सव्हाना शाखेच्या लेखकांनी हे कागद हाती घेतले, त्यांची टाचणे काढली आणि मजकुरात वापरली. त्यांनी त्यांतून मालकाच्या संपत्तीचा अंदाज बांधला. आजचा वाचक त्याच यादीतून कुटुंबे शोधतो. मूळ कागद एकच असला तरी त्याला विचारलेला प्रश्न बदलला की त्यातून निघणारा इतिहास बदलतो. म्हणून मी त्या लेखकांना दोष देण्यापेक्षा त्यांनी कोणत्या कागदावरून काय घेतले ते तपासणे अधिक फलदायी मानतो. त्यांनी दाखवलेल्या वाटेने मागे गेले तर मूळ यादीपर्यंत पोचता येते, आणि हे श्रेय लहान नाही.

खारभूमी

माझे गाव रायगडातल्या खाडीकाठी आहे आणि आमच्याकडे खारबंदिस्तीची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सव्हानाच्या भातशेतीचे वर्णन वाचताना एक गोष्ट नीट उमगली नाही. भरतीच्या पाण्यावर भात पिकवायचे म्हटल्यावर खारे पाणी शेतात येणार नाही का? आमच्या बांधातली उघाडी भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते, कारण आम्हाला समुद्र बाहेर ठेवायचा असतो आणि पावसाचे पाणी बाहेर काढायचे असते. तेथे भरतीलाच पाणी आत घेतात असे दिसते.

नदीकाठ

@खारभूमी, तुमचा प्रश्न अगदी मर्माचा आहे, कारण सगळी शेती याच एका गोष्टीवर उभी होती.

सव्हाना नदीच्या मुखापासून थोडे वर एक पट्टा असा आहे, जिथे समुद्राचे खारे पाणी पोचत नाही, परंतु समुद्राच्या भरतीचा रेटा पोचतो. भरती आली की नदीचे गोडे पाणीच तुंबून वर चढते आणि ओहोटीला खाली उतरते. हा चढउतार तेथे दोन मीटरहून अधिक असतो. या पट्ट्यात बांध घालून त्यांत लाकडी मोऱ्या बसवल्या आणि दोन्ही तोंडांना दारे लावली. भरतीला बाहेरचे दार उचलले की गोडे पाणी शेतात भरते, आणि पाणी उलटू लागले की आतले दार त्याच पाण्याच्या दाबाने मिटते. शेत कोरडे करायचे असेल तेव्हा ओहोटीला आतले दार उचलतात. पेरणीनंतर, तण मारण्यासाठी आणि कणसे भरताना अशा रीतीने हंगामात अनेकदा शेत भरायचे आणि रिकामे करायचे असते. पट्टा अरुंद असल्यामुळे त्या जमिनीला सोन्याचा भाव होता. तुमच्या उघाडीचे तत्त्व तेच आहे, फक्त पाण्याची दिशा उलटी केलेली आहे.

मालकी हक्काच्या इतिहासात मात्र हे बांध आपोआप उगवल्यासारखे वाटतात. अमुक वर्षी अमुक एकर दलदल ‘लागवडीखाली आणली’ असे एक वाक्य येते. त्या वाक्यामागे सायप्रस आणि गमची झाडे तोडणे, मुळे उपटणे आणि मैलोन्‌मैल चर खोदून मातीचे बांध उचलणे हे काम आहे, आणि ते फावड्या-कुदळींनी, गुडघाभर चिखलात उभे राहून गुलामांनी केले. कामाची मोजणी पाव एकराच्या वाट्याने होत असे. मलेरिया इतका असे की, मालकांची कुटुंबे उन्हाळ्यात नदीकाठ सोडून जात. मजूर तेथेच राहत. याच नदीतील आर्गाइल बेटावर गाउरी नावाची मॅनिगॉल्ट कुटुंबाची प्लँटेशन होती. तिचे हिशेब टिकून राहिल्यामुळे पुढच्या इतिहासकारांना कळले की, तेथे जन्मलेली बहुसंख्य मुले वयाची सोळा वर्षे पुरी करण्याआधीच दगावत. मालकाच्या वहीत हा आकडा तोट्याच्या बाजूला आहे.

तळटीप

धागा मनापासून आवडला, पण मूळ लेखातील एका गृहीताला माझा आक्षेप आहे. तुम्ही म्हणता की, मालकांच्या इतिहासात जे नाही ते आठवणींत सापडते. आठवणीसुद्धा सरकारी कचेरीच्या हातूनच आलेल्या आहेत. १९३६ ते १९३८ या काळात १७ राज्यांत, एकेकाळी गुलाम असलेल्यांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गौरवर्णीय होते, आणि कित्येक ठिकाणी तर ते जुन्या मालकांच्याच गावचे, त्यांच्या ओळखीतले लोक होते. सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची, मंदीत उपाशी, आणि सरकारी पेन्शनच्या आशेवर असलेली. अशा माणसाने वर्णभेदाच्या कायद्याखालच्या दक्षिणेत, दारात वही घेऊन उभ्या असलेल्या गौरवर्णीय बाईला काय सांगावे?

याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या सुझन हॅमलिन यांचे आहे. शंभरी ओलांडलेल्या या स्त्रीची मुलाखत दोघांनी स्वतंत्रपणे घेतली. जेसी बटलर या गौरवर्णीय लेखिकेशी बोलताना, ही बाई मदतकचेरीतून आली आहे असा सुझन यांचा समज होता, आणि त्या मुलाखतीत जुना मालक भला माणूस होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती, असा सूर आहे. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय लेखकाजवळ त्याच सुझन यांनी सांगितले की, रात्री लग्न लागले आणि सकाळी नवरी विकून टाकली, आणि नवरीच्या आईने रस्त्यात उभे राहून मालकिणीला तोंडाला येईल ते सुनावले. दोन्ही मुलाखतींत नावाचे स्पेलिंगसुद्धा वेगळे आहे. कोणती सुझन खरी म्हणायची?

नदीकाठ

@तळटीप, दोन्ही खऱ्या आहेत असे मी म्हणेन. बटलर यांची मुलाखत आपल्याला १९३७ च्या चार्ल्सटनविषयी सांगते आणि लॅडसन यांची गुलामगिरीविषयी सांगते. एकाच कचेरीने दोन्ही जपून ठेवल्या, त्यामुळेच आज आपण ही तुलना करू शकतो. परंतु तुमचा आक्षेप मी मान्य करतो की, जिथे दुसरी मुलाखत झाली नाही तिथे पहिलीच इतिहास होऊन बसते, आणि अशी ठिकाणे फार आहेत.

ही अडचण तेव्हाही काही जणांना दिसत होती. वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीत कवी स्टर्लिंग ब्राउन कृष्णवर्णीयांविषयीच्या मजकुराचे संपादक होते. बोलीच्या नावाखाली साध्या उच्चारांचीही मोडतोड करून लिहू नये, अशी सूचना त्यांनी शाखांना केली. ती बऱ्याच ठिकाणी पाळली गेली नाही, आणि छापील मजकुरात वृद्ध माणसे हास्यास्पद दिसतील अशा वर्णरचनेत अडकून पडली. व्हर्जिनियात मात्र रॉस्को लुइस यांच्या हाताखाली हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीय लेखकांचे स्वतंत्र पथक होते. त्यांनी तीनशेहून अधिक माणसांना गाठले आणि १९४० मध्ये त्यातून राज्याचा कृष्णवर्णीय इतिहास सिद्ध झाला. लुइझियानात डिलार्ड विद्यापीठात मार्कस ख्रिश्चन यांच्या पथकाने मोठे हस्तलिखित तयार केले. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सव्हाना शाखेला असे पथक मिळाले नाही. तिने १९४० मध्ये किनाऱ्यावरील गुल्ला-गीची लोकांच्या, म्हणजे तिथल्या गुलामांच्या कृष्णवर्णीय वंशजांच्या, आठवणींचे पुस्तक काढले, त्यात प्रश्न पुन्हापुन्हा भुते, ताईत आणि चेटूक यांच्याकडे वळतात, जणू त्या लोकांना दुसरे काही ठाऊकच नव्हते. तरीही त्याच पुस्तकात सॅपेलो बेटावरच्या केटी ब्राउन भेटतात. त्यांचे पूर्वज बिलाली मोहंमद हे पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले मुसलमान होते आणि बेटावरच्या प्लँटेशनवर मुकादम होते. ते जपमाळ घेऊन ठरावीक वेळी प्रार्थना करत, हे केटी यांनी ऐकून ठेवले होते. त्यांची आजी वर्षातून एका दिवशी तांदूळ रात्रभर भिजत घालून सकाळी लाकडी उखळात कुटत असे आणि त्यात मध किंवा साखर घालून हाताने चपट्या वड्या थापत असे. त्या वड्यांना ती ‘सराका’, म्हणजे दान, म्हणे. नदीकाठच्या सगळ्या खरेदीखतांत तांदूळ हा विकायचा माल आहे. इथे तो दान म्हणून वाटायचा पदार्थ आहे, आणि ही नोंद एका सरकारी पगारावरच्या लेखकाने केली नसती तर ती केटी ब्राउन यांच्याबरोबरच गेली असती.

ओहोटी

मी गेली काही वर्षे जॉर्जियात राहते. हे बांध अजून जागेवर आहेत. नदीच्या पलीकडे १९२७ पासून राष्ट्रीय पक्षी-अभयारण्य आहे आणि त्यातली गाडीवाट जुन्या भातशेतीच्या बांधांवरूनच जाते. दोन्ही बाजूंना चौकोनी खाचरे पाण्याने भरलेली असतात, अभयारण्याचे कर्मचारी आज बदकांसाठी दारे उघडून-मिटून पाण्याची पातळी राखतात. वाट इतकी सरळ आहे की, ती निसर्गाची नाही हे पाहताक्षणी कळते.

अलीकडच्या काठावर काहीच उरले नाही. हेन्री मॅकअल्पिन यांची हर्मिटेज नावाची प्लँटेशन भातासाठी नव्हे, तर विटांसाठी प्रसिद्ध होती. तिथली राखाडी वीट शहरातल्या कित्येक जुन्या घरांना लागलेली आहे, आणि त्या विटा भाजणारी माणसे त्याच विटांच्या छोट्या घरांत राहत. १९३० च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मालकाची हवेली विकत घेऊन पाडली, विटा रिचमंड हिल येथील आपल्या घराला वापरल्या आणि मजुरांची दोन घरे मिशिगनमधील आपल्या संग्रहालयात नेली. त्या जागी कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. सव्हाना शाखेचे लेखक हर्मिटेजचा इतिहास लिहीत होते तेव्हा ती वास्तू डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती. त्यांच्या लिखाणातील उणिवा मोजताना ही घाई लक्षात घ्यावी, असे मला वाटते.

मोकाकर

या चर्चेत मॉरिशसचा उल्लेख यायला हवा, कारण तेथील उसाच्या मळ्यांवर मराठी माणसे होती. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी करारबद्ध मजूर आणायला सुरुवात केली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला महामंदीत कोणी सरकारी लेखक आला नाही, परंतु वसाहत सरकारची नोंदणीपुस्तके टिकली आहेत आणि ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत मजुराचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरची खूण लिहिलेली असते. आमच्या घराण्याचा गाव असाच एका ओळीतून सापडला. सव्हानाच्या यादीत वडिलांच्या नावाचा रकाना नाही, एवढ्या एका फरकाने केवढा फरक पडतो ते मी अनुभवावरून सांगू शकतो.

तळटीप

@मोकाकर, मोलाची माहिती. मग सव्हानाच्या यादीतल्या माणसांचा माग कधीच लागणार नाही का? १८५० आणि १८६० च्या शिरगणतीतसुद्धा गुलामांची नावे नाहीत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण एवढेच आहे.

दप्तरदार

@तळटीप, लागतो, मात्र फार कष्टाने. १८७० ची शिरगणती ही मुक्त झालेल्या माणसांची नावानिशी झालेली पहिली शिरगणती आहे. त्याआधीचा दुवा म्हणजे मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक. तिची शाखा सव्हानात होती. बँक १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो गरिबांची बचत तिच्याबरोबर गेली, पण खाते उघडताना भरून घेतलेल्या नोंदवह्या वाचल्या. खातेदाराला सही करता येत नसे, म्हणून ओळख पटवण्यासाठी त्याचे जन्मगाव, आईवडील, भावंडे, नवराबायको आणि मुले यांची नावे विचारून लिहून घेतली जात. कित्येक नोंदींत जुन्या मालकाचे किंवा प्लँटेशनचे नावही आहे. विकले गेलेले भाऊबहीण कोणत्या राज्यात गेले असे ऐकिवात आहे, हेसुद्धा काही ठिकाणी आहे.

काम करण्याची पद्धत अशी आहे. सव्हाना शाखेच्या लेखावरून प्लँटेशनचा मालक आणि त्याच्या मृत्यूचे वर्ष मिळवायचे. त्यावरून न्यायालयातील मालमत्तेची यादी काढायची. यादीत आडनावाविना सलग आलेली नावे बहुधा एका कुटुंबाची असतात, ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. मग बँकेच्या वहीत त्याच प्लँटेशनचे नाव सांगणाऱ्या खातेदारांच्या आईवडिलांची आणि भावंडांची नावे त्या क्रमाशी ताडून पाहायची. तीन-चार नावे एकाच क्रमाने जुळली तर दुवा भक्कम समजावा, एकच जुळले तर सोडून द्यावे, कारण त्या काळी तीच ती नावे फार चालत. जुळलेल्या कुटुंबाला १८७० च्या शिरगणतीत शोधले की आडनाव मिळते, आणि ते आडनाव पुष्कळदा मालकाचे नसते.

@नदीकाठ, पुढचा लेख एकाच प्लँटेशनवर या पद्धतीने लिहिता आला तर पाहावा. मलबेरी ग्रोव्हपेक्षा हर्मिटेज घ्यावी असे सुचवतो, कारण तिथे कारागीर अधिक होते आणि कारागिरांची नावे कागदांत अधिक वेळा येतात.

नदीकाठ

@दप्तरदार, सूचना मान्य आहे. हर्मिटेजच घेतो. @ओहोटी, शहरातल्या राखाडी विटांच्या कोणत्या इमारती त्या भट्टीतल्या आहेत याची स्थानिक नोंद तुम्हाला मिळू शकली तर इथेच लिहावी, म्हणजे यादीतले वीटकरी आणि त्यांचे काम एका लेखात आणता येईल.